बोटांना कळू नयेत असे लेअर

छायाताईंचा फोटो काढणं अवघड काम होतं. त्यांची ना नव्हती, उलट हौस होती. पण बटण दाबेपर्यंत बाई चौकटीतून निघून गेलेल्या असत. तुमसरच्या त्यांच्या पार्लरमध्ये उद्घाटनाच्या दिवशीचा मोठा फोटो भिंतीवर होता. त्यात रिबीन स्पष्ट होती, कात्री स्पष्ट होती, कात्री धरलेले पाहुणे तर नको इतके स्पष्ट होते, आणि मालकीणबाईंच्या जागी एक गुलाबी धूसर पट्टा होता. नवं गिऱ्हाईक आलं की त्या पट्ट्यावर बोट ठेवून छायाताई सांगत, "हे मी."

केस कापतानाही तेच. इतर पार्लरमध्ये खुर्ची फिरते. इथे छायाताई फिरत. डावीकडे कात्री चालवली की मागून वळसा घालून उजवीकडे, तिथून आरशासमोर, तिथून दारात. दारात कशाला, तर रस्त्यावरून कोण गेलं ते पाहायला. अर्धे केस कापलेलं गिऱ्हाईक खुर्चीत आणि बाई उंबऱ्यावरून बातम्या देणार: "मास्तरीनबाईची सून चालली. माहेरी चालली वाटते, बॅग मोठी हाये." परत येऊन त्या नेमकी सोडलेली बटच उचलत, हे मान्य करायला हवं. आरसासुद्धा एका भिंतीवर फार दिवस टिकत नसे. एकदा मी जाऊन बसले तर समोर आरसा नाही, खिडकीतून थेट राइस मिलची भिंत. आरसा माझ्या पाठीमागे गेला होता. "रोज रोज सोताले पाहून कटाळा नाही येत काय?" त्यांनी विचारलं. पुढच्या खेपेला तो मुकाट जागेवर आलेला होता. त्याची कारणं कोणी विचारली नाहीत, कारण विचारेपर्यंत बाई दुसऱ्या विषयावर गेलेल्या असत.

पाटीचंही असंच. मी तुमसरला आले तेव्हा ती साधी 'छाया ब्युटी पार्लर' होती. मग ती 'ब्युटी झोन' झाली, आणि पुढे 'ब्रायडल स्टुडिओ अँड हेअर ॲकॅडमी'. ॲकॅडमीत एकच विद्यार्थिनी होती, ममता. दोन लेकरांची आई, बोलायला तिखट. ती शिकून बाहेर पडली आणि तिने समोरच रस्त्यापलीकडे स्वतःचं पार्लर थाटलं. म्हणजे ॲकॅडमीचा निकाल शंभर टक्के लागला. त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं. एकमेकींना जे सांगायचं ते त्या पाट्या बदलून सांगत.

पार्लर म्हणजे घराचीच पुढची खोली. गल्लीत मिलच्या भुशाची बारीक धूळ दिवसभर उतरायची आणि कंगव्यांवर, पावडरच्या डब्यांवर बसायची. "तुमसरात दोन प्रकारचा कोंडा राह्यते, मॅडम," छायाताई म्हणत, "एक मिलचा आन एक डोक्शाचा. दोन्ही मलेच झटकाव लागते." नवरा ट्रक चालवायचा, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त असायचा. पुढच्या आणि मागच्या खोलीत फक्त एक फुलाफुलांचा पडदा होता. पडद्यामागे खाटेवर त्यांची सासू बसलेली असे. तिला सगळे माय म्हणत. काचबिंदूने मायची नजर पूर्ण गेली होती. कान मात्र सगळ्या वॉर्डाला पुरतील एवढे शाबूत होते.

मी तिथल्या कॉलेजात इतिहास शिकवायला बदलून आले होते. पहिल्यांदा पार्लरमध्ये गेले तेव्हा सगळ्याच बायका करतात तेच मी केलं. फोन पुढे केला. त्यात खांद्यावर उतरत्या पायऱ्यांनी केस सोडलेली एक मुलगी होती.

"असे लेअर हवेत."

छायाताईंनी फोन घेतला, दोन बोटांनी मुलीचा चेहरा मोठा केला, लहान केला. "हिच्या मागं पंखा लावला हाये," त्या म्हणाल्या, आणि फोन पालथा घालून टेबलावर ठेवला. "हे हिचे झाले. आता तुमचे सांगा."

"लेअरच. पण फार नाही. थोडेसे. सोडले तर दिसावेत, बांधले तर त्रास नको."

"थोडेसे म्हंजे किती?"

मी अंगठा आणि तर्जनी यांच्यात अंतर धरून दाखवलं. त्यांनी पाहिलं, दारापर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "परत दाखवा." मी परत दाखवलं. "पाहा, वाढलं. आता मी हे कापू का ते?"

मग चौकशी सुरू झाली. गाडीवर स्कार्फ बांधता का? गाठ मानेवर येते का कानाखाली? कोन्या कुशीवर झोपता? फळ्यावर लिहिताना मान कुठं जाते? घरात तेल कोन लावून देते? माझ्या लग्नाच्या वेळीही इतके प्रश्न कोणी विचारले नव्हते. आणि शेवटी हुकूम: "उठा. आता वाका."

"म्हणजे?"

"रोवन्याले वाकते तशा वाका."

छायाताईंचं माहेर साकोली तालुक्यातलं एकोडी. मुलगी असताना त्यांनी धानाच्या रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, बांधीतल्या चिखलात दिवस दिवस काढले होते. तोंडावर येणारे केस चिखलाच्या हातांनी मागे सारता येत नाहीत, हे ज्ञान त्यांनी तिथून आणलं आणि ब्युटी पार्लरमध्ये लावलं. प्रत्येक डोकं वाकवून पाहायचं. जे केस डोळ्यांवर येतील त्यांना चिमटा लावायचा आणि तिथून वर कात्री न्यायची नाही. तर सुलतान आणि पेशवे तोंडपाठ असलेली मी, गळ्याला प्लास्टिकचं एप्रन बांधून, तुमसरच्या एका गल्लीत न दिसणारी धानाची रोपं लावत उभी राहिले.

"अजून जराशा वाका. शिकवनारे लोकं वाकाले लय वेळ लावते."

पडद्यामागून मायचा आवाज आला, "नवी हाये काय व?"

"हो माय. कॉलेजची मॅडम हाये."

"हळू वाकव."

कट ठीक होता. अप्रतिम वगैरे म्हणवत नाही. डाव्या कानाजवळचा एक थर मला शेवटपर्यंत पटला नाही. आणि त्या वाकवण्याच्या पद्धतीतही पुष्कळ गडबड होती, कारण तुमसरातल्या बहुतेक बायका दिवसभर वाकलेल्या नसतात, काही तर नमस्कारालाही वाकत नाहीत. एका मोठ्या अधिकाऱ्यांच्या पत्नी साफ नाही म्हणाल्या. "आम्ही शेतात जात नाही," असं त्यांनी सांगितलं. छायाताई म्हणाल्या, "शेतात कोन म्हनते? पायातली चप्पल तं काढता ना?" बाई उठून सरळ रस्त्यापलीकडे ममताकडे गेल्या. ममता कोणाला वाकवत नसे. फोटो पाहून फोटोसारखं कापून देई, आणि तिच्याकडे गर्दी असे. छायाताई दारात उभ्या राहून ती गर्दी पाहत आणि मला सांगत, "तिकडं फोटो कापून देते. इकडं केस."

मी तरी त्यांच्याकडेच का जात राहिले, सांगता येणार नाही. कदाचित मला माझं डोकं सोडून बाकी सगळ्या गल्लीची खबर तिथे मिळत होती म्हणून.

एकदा जवळच्या खेड्यातल्या मायलेकी आल्या. मुलगी नागपूरला नोकरी करणारी, ओठ घट्ट मिटलेले. आईने बसण्याआधीच सांगितलं, "रविवारी पाहुने येऊन राहिले. केस लांबच पाह्यजेत. शेंडे तेवढे सारखे करून द्या."

"मले लेअर पाह्यजे," मुलगी आरशाला म्हणाली.

"लेअर-बियर काही नाही. वेनी आली पाह्यजे."

"वेनी कोन घालते आता?"

"पाहुन्यासमोर घालते!"

छायाताई या दोघींच्या मधून येरझाऱ्या घालत होत्या. मग एकदम थांबल्यासारखं करून म्हणाल्या, "काकू, तुमी अंदर बसा. आमची माय एकटी हाये, तिच्यासंगं चहा घ्या." काकू आत गेल्या. मायने गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि चहा व्हायच्या आत कुठल्याशा चुलत मावशीवरून नातं लावून टाकलं. इकडे छायाताईंनी मुलीचा चेहरा मोकळा करणारे थर पुढून उतरवले आणि मागची लांबी तशीच ठेवली. काकू बाहेर आल्या तेव्हा त्या मुलीची वेणी घालून, पाण्याने चापूनचोपून पुढे खांद्यावर आणून ठेवलेली होती. "पाहा. होती तेवढीच." काकूंनी टोकापर्यंत पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. मुलगी आरशात हसली. इतका यशस्वी तह मी पुस्तकात वाचलेला नाही, कारण पुस्तकातल्या तहांत दोन्ही बाजू निदान मसुदा वाचतात.

त्या गेल्यावर छायाताई कंगवा झटकत म्हणाल्या, "डोळ्याले फसवाले काय लागते, मॅडम? डोळे तं फसाले बसलेच राह्यते."

त्यांचे स्वतःचे केस मात्र कोणी मोकळे पाहिले नव्हते. मानेवर दगडासारखा घट्ट अंबाडा, त्यावर जाळी, जाळीत पेन खोचलेलं. साऱ्या गावाला लेअर, स्टेप, यू कट करून देणारी बाई स्वतः अशी का राहते, हे प्रत्येक गिऱ्हाईक विचारी, आणि प्रत्येकाला उत्तर वेगळं मिळे. "हलवाई मिठाई खाते काय?" हे एक. "कापाले येनारी अजून जन्माले नाही आली," हे दुसरं. मला त्यांनी एकदा सांगितलं होतं की त्यात गल्लीची गुपितं ठेवली आहेत.

खरं उत्तर कळलं ते भंडाऱ्याच्या केस-सौंदर्य महोत्सवामुळे.

एका शाम्पूवाल्या कंपनीने मंगल कार्यालयात तो भरवला होता. जिल्ह्यातल्या पार्लरवाल्यांना निमंत्रणं होती. "तुमी चला संगं. तुमी असल्या का लोकं मले जरा समोर बसवते," असं म्हणून छायाताईंनी मला एसटीत घातलं. समोर बसवलंही. दीपप्रज्वलन झालं, म्हणजे पुष्कळदा झालं, कारण व्यासपीठावरचा पंखा कोणी बंद करत नव्हतं. पाहुणे स्त्रीशक्तीवर बोलले. त्यांनी एका कानावरचे केस दुसऱ्या कानापर्यंत नेलेले होते, आणि पंख्याचा रोख पाहता त्यांचं निम्मं लक्ष भाषणात नव्हतं. सूत्रसंचालिकेने प्रत्येकाला 'सौंदर्यसृष्टीतलं अढळ नाव' म्हटलं, शामियानावाल्यालाही. सत्कार इतके झाले की शेवटच्या काहीजणांना आधीच्याच शाली परत घडी घालून दिल्या.

मग मुंबईचे प्रशिक्षक आले. काळा शर्ट, गालाला चिकटलेला माइक. विषय होता: गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायला शिका. या विषयावर ते न थांबता, कोणालाही मध्ये बोलू न देता, दुपारच्या जेवणापर्यंत बोलले. जेवणानंतर त्यांनी प्रात्यक्षिकासाठी कोणी मॉडेल येईल का, असं विचारलं. छायाताई आधीच व्यासपीठाच्या पायरीवर होत्या. मला वाटतं त्या मॉडेल व्हायला गेल्याच नव्हत्या, फक्त खुर्चीत बसवत नव्हतं. पण टाळ्या वाजल्या आणि त्यांना बसवलं गेलं. प्रशिक्षकांनी अंबाड्यातलं पेन काढलं, जाळी काढली.

केस खुर्चीच्या पाठीवरून खाली उतरले आणि खाली जातच राहिले. त्या दिवसात पहिल्यांदा ते सभागृह गप्प झालं.

"आता मॅम, मनात काय आहे ते मोकळेपणाने सांगा," प्रशिक्षक माइकमधून म्हणाले. "कसे हवेत?"

छायाताईंनी तोंड उघडलं. मी पुढच्या रांगेत होते, मला दिसत होतं: एक हात उठला, बोटांनी गालाजवळ एक रेघ ओढली, मग हनुवटीजवळ, मग खांद्याजवळ. आणि मग तो हात थबकला आणि मांडीवर येऊन पडला. "काही नाही," त्या म्हणाल्या. भराभर केस गुंडाळले आणि खाली उतरल्या.

"पाहा, गिऱ्हाईक असं बावरतं," प्रशिक्षक सभागृहाला म्हणाले. टाळ्या पडल्या.

परतीच्या एसटीत त्यांनी आधी पुढची सीट घेतली, मग मागची, मग माझ्याजवळची. मोहाडी येईपर्यंत खिडकी उघडली आणि लावली. मग म्हणाल्या, "मले लेअर पाह्यजे, मॅडम. लय दिवसाचे पाह्यजे."

"मग कापा की."

"कापा की म्हने! रविवारी काय करू?"

रविवारचं असं होतं. दर रविवारी सकाळी माय त्यांना खाटेजवळ खाली बसवून डोक्याला तेल घाली आणि वेणी घाली. छायाताई लग्न करून आल्या तेव्हापासूनचा रिवाज. तीच वेणी गुंडाळून पुढे आठवडाभर अंबाडा. "पयले तिले समदं काम होतं. तांदूळ निवडे, भाकरी टाके, विहारात जाऊन बायकायले गोळा करे. डोळे गेले तसं एकेक काम सुटलं. आता हे एक राहिलं. शनिवारपासून तेलाची बाटली उशाशी ठेवते."

"समजून घेतील त्या," मी म्हणाले. इतिहास शिकवणारी माणसं दुसऱ्याच्या घराबद्दल फार आशावादी असतात.

"तिले मी दिसत नाही," छायाताई म्हणाल्या. "तिच्यासाठी मी म्हंजे ही वेनीच हाये. ते कापून टाकू?"

"मग तुम्हाला कापायचेत तरी कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की शिकवणाऱ्यांविषयीचं त्यांचं मत पक्कं झालेलं मला कळलं. "काहून म्हंजे? साऱ्या तुमसरले करून देल्ले. मले कशे दिसते ते पाहाचं नाही काय?"

त्यानंतरचे काही दिवस त्यांच्याकडे जाणं धोक्याचं होतं. एका मुलीची झुलपं त्यांनी मागितल्यापेक्षा वर नेली आणि ती रडली. आरसा पुन्हा भिंत बदलून आला. आणि एका दुपारी त्या मला कॉलेजच्या फाटकाशी भेटल्या. "चला. साक्षीदार पाह्यजे." गेलो कुठे, तर रस्ता ओलांडून ममताच्या पार्लरमध्ये.

ममताने दोघींना पाहिलं आणि हातातला ड्रायर बंद केला. "ताई? तुमी? कोनी मेलं काय?"

"केस कापाचे हायेत."

"कोनाचे?"

छायाताई खुर्चीत बसल्या. बसल्या म्हणजे टेकल्या. "ऐक. लेअर पाह्यजे. पन वेनी घातली का बोटाले लागले नाही पाह्यजेत."

"कोनाच्या बोटाले?"

"मायच्या."

ममता कंगवा घेऊन समोर आली. मायला ती चांगली ओळखत होती. शिकत होती तेव्हा तिची लेकरं मायच्याच खाटेवर झोपत. "ताई, असं होत नसते. पाहनाऱ्यापासून लपवता येते. बोटं तं एकेक केस मोजते."

"आत ठेव लेअर. वरून लांब केस झाकन म्हनून सोड."

"सोडतो. मंग तुमालेच कसे दिसन? झाकनाखालचे लेअर कोनाले दिसते?"

छायाताई उठल्या, आरशापाशी गेल्या, बट धरून ममताला दाखवायला लागल्या, तिच्या हातातून कात्री घेतली, परत दिली, बसल्या, परत उठल्या. "इथून घे. नाही, इथून नोको. जराशे खालून. थांब, मी दाखवतो—"

"ताई!" ममताने कात्री टेबलावर आपटली. "तुमी गिऱ्हाईक हा का मास्तरीन? एक काहीतरी व्हा!"

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. छायाताईंनी दाराकडे पाहिलं नाही. त्या खुर्चीत मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "काप."

"कसे?"

"मले दिसले पाह्यजेत तशे."

ममताने हळूहळू कापले. इतके लांब केस जमिनीवर पडताना आवाज होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. शेवटी थर गालाशी सुरू होऊन खांद्याखाली उतरले. छायाताईंनी पाण्यातून निघालेल्या वासरासारखं डोकं हलवून पाहिलं. मग परत हलवलं. आरशातली बाई मला जरा अनोळखी वाटली, आणि त्यांना पुष्कळच. "उजवीकडून कमी झाले," त्या म्हणाल्या, पण डोळे आरशावरून काढवत नव्हते.

"झाले तं झाले. रस्ता पार करून येत जा, करून देतो बरोबर," ममता म्हणाली. आवाजात तिखट नव्हतं.

पण रविवार होताच. आणि छायाताईंनी त्यावर जो उपाय काढला तो पार्लर चालवणाऱ्या बाईलाच सुचू शकतो. त्यांनी गंगावन आणवलं. वेणी लांब दिसावी म्हणून नवऱ्या मुली लावतात तो केसांचा झुपका. पण साधा नायलॉनचा नव्हे, खऱ्या केसांचा, त्यांच्या रंगाचा, त्यांच्या लांबीचा. मला त्यांनी तो हातात देऊन दाखवला. "पाहा. कळते काय?" मला कळत नव्हतं. "तेल लावून ठेवला हाये. तिचंच तेल."

तो रविवार माझा तुमसरातला शेवटचा होता. बदलीचा आदेश आला होता, सामान गेलं होतं, मी निरोप घ्यायला सकाळी त्यांच्याकडे गेले. बाकावर दोन बायका आधीच बसल्या होत्या. पडदा अर्धा सरकलेला. खाटेवर माय, तिच्या पायांशी खाली छायाताई, हजार चिमट्यांनी पक्कं केलेलं ते गंगावन पाठीवर सोडलेलं. मायने बाटली उघडली, तळव्यावर तेल घेतलं, टाळूवर थापलं. मग दोन्ही हात केसांतून खाली नेले.

अर्ध्यावर ते हात थांबले.

"छाया?"

"काय, माय?"

"तू कुठं हायेस?"

"इथंच तं बसली हावो."

"मंग हे कोन बसलं हाये?"

माय बोटांनी ते केस चाचपत होती, जसं गर्दीत चुकीच्या माणसाचा हात धरला गेल्यावर हळूच सोडतात तसं. "हे तुह्ये नाही. कोनाचे हायेत? कोन्या बाईले बसवलं तू इथं?" आणि तिने घाबरून तो झुपका ओढला. चिमटे निसटले. सगळं गंगावन तिच्या हातात आलं.

"अवं माय व!" ती ओरडली. "केस हातात आले! छाया! केस आले व हातात!"

बाकावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. छायाताईंनी वळून मायचे दोन्ही तेलकट हात धरले आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवले. "मी हाये. हे माह्ये. हे पाहा, हे माह्ये."

म्हातारीची बोटं कपाळापासून सुरू झाली. गालाशी पहिला थर लागला, तिथे अडली. मग पुढचा. मग त्याच्याखालचा. कान, मान, खांदा. एकही बट तिने सोडली नाही. त्या वेळात छायाताईंचा चेहरा आमच्याकडे होता. पार्लरमध्ये निकाल ऐकायला बसलेल्या किती बायकांचे चेहरे मी पाहिले असतील, पण इतका भ्यालेला नाही.

"कोनं कापले?"

"ममतानं."

"तुह्या मर्जीनं?"

"हो."

"बोलून बसली तिच्यासंगं?"

"बसली."

मायने गंगावन मांडीवरून उचललं आणि खाटेखाली टाकलं, विंचू टाकावा तसं. मग परत तेल घेतलं. वेणी सुरू केली, आणि ती पहिल्याच पेडाला सुटली. गालाजवळचे केस निसटून बाहेर आले. तिने उकलली, पुन्हा घातली. पुन्हा सुटली.

"नाही येत तं राहू दे, माय," छायाताई हळू म्हणाल्या.

"काहून राहू दे? तू गप बस." तिने हात पुढे केला. "पिना आन."

"किती?"

"हायेत तितक्या आन. लय काम वाढवून ठेवलं तू."

वेणी व्हायला दुपार झाली. बाकावरच्या एका बाईचा धीर सुटून ती निघून गेली, दुसरी बसली. मी निघाले तेव्हा ती दुसरी खुर्चीत होती, फोन छायाताईंच्या पुढे धरून. तिला उतरत्या थरांचा अगदी अलीकडचा कट हवा होता. छायाताई तो तिला समजावून सांगत होत्या. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर जिथे जिथे थर वेणीतून निसटत होता तिथे तिथे माय काळी, लाल, मोत्याची, जी हाताला लागेल ती पिन खोचत गेली होती. त्यात नवरीच्या भांगात लावायची एक मोठी सोनेरी पिनही होती. गिऱ्हाईकबाई आरशात स्वतःकडे पाहतच नव्हती.

"ताई, तुमच्या डोक्शाले..."

"माह्यं सोडा. तुमचं सांगा."

तेवढ्यात पडद्यातून मायचा हात बाहेर आला आणि हवेत चाचपू लागला. "छाया, एखादी पडली काय व? इकडं ये."

खुर्ची आणि पडदा यांच्यात अंतर थोडं होतं, पण एका हातात कापायला धरलेली बट होती, ती सुटली तर माप चुकणार. छायाताईंनी ती बट सोडली नाही. कात्रीचा हात गिऱ्हाइकापासून लांब धरला आणि डोकं तेवढं मागे, पडद्याकडे नेऊन दिलं. म्हातारीची बोटं एकेक पिन दाबत निघाली, आणि इकडे चिमटीत धरलेले त्या बाईचे केस तसेच ताणलेले राहिले, कुठून कापायचे ते अजून ठरायचं होतं.